मुलांस दूध कच्चें द्यावें कीं तापवून?

ज्या घरीं दुभतें आहे त्या घरच्या मुलांस दुधाची वाण पडूं नये, ही प्रत्येक शेतकऱ्याची इच्छा असते व ती योग्यच आहे. परंतु तें दूध मुलांच्या पोटांत कोणत्या स्थितींत जावें, याचा विचार आपल्यांपैकीं फारच थोडे करितात. आमच्या घरीं हा प्रश्न गेल्या वर्षीं अकस्मात् उभा राहिला, आणि बराच वाद होऊन त्याचा निकाल लागला. यावल-रावेर भागांतील शेतकरी बंधूंस ती हकीकत उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहें.

माझे थोरले बंधू घरची शेती पाहतात. गोठ्यांत दोन गाई व दोन म्हशी आहेत. रोज सकाळीं धार काढण्याच्या वेळीं पांच व तीन वर्षांचीं दोन नातवंडें पेले घेऊन गोठ्याच्या दाराशीं उभीं राहत आणि फेसाळ धारोष्ण दूध तेथेंच पीत. गेल्या श्रावणांत एक गाय सातव्या महिन्यांत गाभडली. जार अडकला, तो माझ्या पुतण्यानें उघड्या हातांनीं ओढून काढला. महिन्याभरानें त्यास ताप येऊं लागला. दिवसा बरा असे, सायंकाळीं अंग तापे, रात्रीं घामानें अंथरूण भिजे, कंबर व सांधे ठणकत. हिवताप समजून औषध झालें, विषमज्वर समजून झालें, पण गुण येईना. अखेर रक्त तपासल्यावर ब्रुसेल्ला नांवाचा रोग ठरला. डॉक्टरांनीं त्यास पुढें विचारलें, "घरीं दूध तापवून पितां ना?"

त्याच सायंकाळीं सूनबाईनें मुलांचे गोठ्यांतील पेले बंद केले. बंधूंस तें रुचलें नाहीं. त्यांचे आक्षेप तीन होते, व ते बहुतेक घरांत ऐकूं येतात म्हणून त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, "आमच्या तीन पिढ्या धारोष्ण दुधावर वाढल्या, आम्हांस काय झालें?" माझी हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. जुनीं कोतवाल-बुकें चाळण्याचा प्रसंग मला पुष्कळदां आला आहे. त्यांत लहान मुलांच्या नांवांपुढें मृत्यूचें कारण म्हणून 'ताप' एवढाच शब्द पानोपानीं लिहिलेला आढळतो. तो ताप कशाचा, हें त्या काळीं कोणासच कळण्यासारखें नव्हतें. त्यांतील एकही ताप दुधाचा होता असें मी म्हणत नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, जे वांचले तेच "आम्हांस काय झालें" असें सांगावयास उरतात. जीं गेलीं तीं साक्ष देण्यास येत नाहींत. एकाच बाजूच्या साक्षीवर निकाल देऊं नये, हें कचेरींत बसलेल्या माणसास निराळें सांगावें लागत नाहीं.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. आयुर्वेदांत धारोष्ण दूध अमृतासमान सांगितलें आहे, हें खरें. परंतु वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत ज्या श्लोकांत ही स्तुति आहे, त्याच श्लोकांत कच्चें दूध जड व अभिष्यंदी, आणि युक्तीनें तापविलेलें दूध त्याच्या उलट गुणाचें, असेंही सांगितलें आहे. फार आटविलेलें दूध अधिक जड, असाही इशारा तेथेंच आहे. अर्थात् एक शब्द उचलून बाकीचा श्लोक सोडून देणें योग्य नव्हे. शिवाय निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या दुधांतही रोगाचे जंतु असूं शकतात, हें त्या काळीं कोणास ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

हें ज्ञान कसें झालें, ती हकीकत मनोरंजक आहे. भूमध्य समुद्रांतील माल्टा बेटावर इंग्रज शिपाई महिनोगणती चालणाऱ्या तापानें पडत. १८८७ सालीं डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानें त्या तापाचा जंतु शोधून काढला. ब्रुसेल्ला हें नांव त्याच्याचवरून पडलें. पण तो जंतु शिपायांच्या शरीरांत येतो कोठून, याचा उलगडा होण्यास आणखी अठरा वर्षें लागलीं. १९०५ सालीं थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरानें दाखवून दिलें कीं, तेथील धट्ट्याकट्ट्या दिसणाऱ्या शेळ्यांच्या अंगांतच हा रोग मुरलेला आहे व तो दुधावाटे माणसांत येतो. १९०६ सालीं पलटणींतील शेळीचें दूध बंद करितांच शिपायांतील ताप जवळजवळ नाहींसा झाला. गांवांतील लोक मात्र कच्चें दूध पीतच राहिले व तापानें पडतच राहिले. याच जातीचा दुसरा जंतु गाई-म्हशींस होतो. त्यानें जनावर बहुधा पांचव्या महिन्यानंतर गाभडतें, आणि पुढें प्रकृतीनें ठीक दिसत असूनही दुधांतून जंतु टाकीत राहतें.

क्षयाचीही गोष्ट अशीच. क्षयाचा जंतु १८८२ सालीं शोधून काढणारे कॉख यांनीं १९०१ सालीं लंडन येथें सांगितलें कीं, गुरांच्या क्षयापासून माणसांस विशेष भय नाहीं. इंग्लंडांतील सरकारी मंडळानें दहा वर्षें प्रयोग करून १९११ सालीं याच्या उलट निर्णय दिला. क्षयी गाईच्या दुधापासून माणसांस, विशेषतः मुलांस, मानेच्या गांठींचा व पोटाचा क्षय होतो असें सिद्ध झालें. यांशिवाय आंव, जुलाब व विषमज्वरासारखे ताप उत्पन्न करणारे जंतु शेणाच्या कणांवाटे धारेंतच दुधांत उतरतात. त्यांतील एका प्रकारानें लहान मुलांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्याचीं उदाहरणें आहेत. पांच वर्षांखालील मुलें व गर्भवती स्त्रिया यांस हें भय सर्वांत अधिक.

तिसरा आक्षेप, तापविल्यानें दुधांतील सत्त्व जातें. यांत अंशतः तथ्य आहे. उकळण्यानें क जीवनसत्त्व व कांहीं ब जीवनसत्त्वें थोडीं कमी होतात. पण क जीवनसत्त्व दुधांत मुळांतच अल्प. तें पेरू, लिंबू, आवळा यांतून मुलांस सहज मिळतें. ज्यासाठीं आपण दूध देतों तें प्रथिन, स्निग्धांश व हाडांस लागणारा चुना हीं उकळूनही कायम राहतात. आल्प्स पर्वतालगतच्या देशांत, शेतावरील कच्चें दूध पिणाऱ्या मुलांस दमा कमी आढळला, अशीही पाहणी झाली आहे. परंतु ती करणाऱ्या विद्वानांनींच त्यावरून मुलांस कच्चें दूध देऊं नये असें बजाविलें आहे.

आणखी एक गोष्ट मीं बंधूंपुढें मांडली. ज्या पंडित नेहरूंनीं १९३६ च्या डिसेंबरांत आमच्या फैजपूरच्या अधिवेशनाचें अध्यक्षस्थान भूषविलें, त्यांच्याच हस्तें १९५१ सालीं मुंबईस आरे येथील दुग्धशाळेचें उद्घाटन झालें. पाश्चर यांनीं शोधिलेल्या रीतीनें दूध ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर अर्धा तास तापवून आज शहरांत विकलें जातें. आपण संघास घातलेलें दूध शहरांतील मुलांस असें निर्धोक होऊन मिळतें, आणि दूध उत्पन्न करणाऱ्याचीं मुलें मात्र तें कच्चें पितात! हें कोणत्या हिशेबांत बसतें?

बंधू कांहीं बोलले नाहींत. मुलांचें रक्त तपासलें. ईश्वरकृपेनें तीं निर्दोष निघालीं. तेव्हां बंधू म्हणाले, "पोरांना तापवूनच द्या, मी माझ्यापुरतें धारेचें घेईन." परंतु आजोबांच्या हातीं पेला दिसला कीं नातू हात पुढें करी; म्हणून पुढें त्यांनींही तें सोडलें. गाय तपासणींत सदोष ठरली. ती बाजारांत नेऊन विकणें सोपें होतें, पण तो रोग दुसऱ्याच्या गोठ्यांत नेऊन बांधण्यासारखें झालें असतें. ती निराळ्या छपरांत बांधून आम्हीं घरींच पोसली आहे. त्यांत नुकसान आहे खरें, पण तें आमचें आहे. पुतण्यास दीड महिना औषधें घ्यावीं लागलीं. आतां तो बरा आहे.

वाचकांनीं लक्षांत ठेवावयाच्या गोष्टी अशा :

१. धार काढल्यावर दूध गाळून लवकर तापवावें. साय धरून फेस वर आला म्हणजे सर्व दूध उकळलें असें नव्हे. पळीनें ढवळून आणखी एक-दोन उकळ्या येऊं द्याव्या. तासन् तास आटवीत बसण्याचें कारण नाहीं.

२. उकळलेलें भांडें झांकून, थंड पाण्याच्या परातींत ठेवून लवकर निववावें व शीतकपाटांत ठेवावें. तें नसल्यास कांहीं तासांनीं पुन्हा उकळावें. त्यांत कच्च्या दुधाचें माप किंवा हात बुडवूं नये, आणि सकाळच्या दुधांत सायंकाळचें कच्चें दूध मिसळूं नये.

३. दहीं उकळलेल्या दुधाचेंच लावावें. कच्चा चीक मुलांस चाखावयास देऊं नये. उकडलेल्या खरवसास हरकत नाहीं. पंचामृतास उकळून निवविलेलें दूध घ्यावें. त्यानें धर्मास बाध येत नाहीं.

४. सहा महिन्यांपर्यंत बाळास केवळ आईचें दूध द्यावें. वर्षाखालील मुलास गाई-म्हशीचें दूध हें मुख्य अन्न करूं नये.

५. जनावर गाभडल्यास जार व मृत गर्भ यांस उघडा हात लावूं नये. हातमोजे घालून तीं चुना टाकून खोल पुरावीं, कुत्र्यांस मिळूं देऊं नयेत, आणि पशुवैद्यास कळवून रक्त तपासून घ्यावें.

६. केंद्र सरकारनें २०१९ सालीं सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांत ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींस व पारड्यांस या रोगाची लस टोंचण्याची योजना आहे. ती जन्मांत एकदांच टोंचावयाची असते. वय निघून गेलें कीं संधि गेली.

पेलाभर दूध तापविण्यास चार काड्या सरपण किंवा किंचित् गॅस लागतो. पुतण्याच्या तापानें आमच्या घरचे चार महिने गेले. यांतील कोणता खर्च पतकरावा, हें ज्यानें त्यानें आपल्या चुलीपाशीं बसून ठरवावें.