कुत्र्याची सोबत आणि देवाची प्रीती

पाळीव कुत्रा मेला की घरातील लहान मुले धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास विचारतात, “फादर, आमचा कुत्रा स्वर्गात जाईल का?” मोठी माणसे असे विचारण्यास संकोचतात, परंतु प्रश्न त्यांच्याही मनात असतो. ज्याने बारा-चौदा वर्षे पडवीत राखण केली, कामावरून परतणाऱ्याची चाहूल घरात सर्वांआधी ज्याला लागे, त्या मुक्या जिवाला वाडीत झाडाखाली पुरून आल्यावर घर कितीतरी दिवस सुने वाटते. शेजारी म्हणतात, “कुत्र्यासाठी एवढे काय रडायचे?” आम्हांला मात्र त्या रडण्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. मुलांच्या प्रश्नाला ख्रिस्तसभा काय उत्तर देते ते आपण पुढे पाहू. त्याआधी त्या अश्रूंमागे काय आहे याचा विचार करू या. कुत्र्याच्या सोबतीत माणसाला असे काय मिळते? आणि त्यातून देवाच्या प्रीतीविषयी काही शिकता येते का?

पवित्र शास्त्रात शोधू गेल्यास प्रथम निराशाच पदरी पडते. बायबलमधील कुत्रा हा बहुधा गावकुसाबाहेर उकिरडे फुंकणारा, ओकारीकडे परतणारा, प्रेते फाडणारा प्राणी आहे. आपल्याकडे ‘कुत्रा’ ही जशी शिवी आहे तशीच ती यहुदी लोकांतही होती. संदेष्टा यशया तर आपले काम न करणाऱ्या आध्यात्मिक राखणदारांना भुंकू न शकणारी मुकी कुत्री म्हणतो. आम्हा धर्मगुरूंना तो अध्याय वाचताना जरा खाली पाहावे लागते.

तथापि याच यशयाच्या ग्रंथाच्या आरंभी एक वेगळा सूर आहे. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाचे गव्हाण ओळखते, पण देवाची प्रजा देवाला ओळखत नाही, अशी ती खंत आहे. ईयोब आपल्या मित्रांना सांगतो की, पशूंना विचारा, ते तुम्हांला शिकवतील. आणि प्रभू येशूने यरुशलेमवरील आपली माया व्यक्त करण्यासाठी पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा निवडली. तेव्हा प्राण्यांकडून देवाविषयी शिकणे हा आजकालचा भावनिक खुळेपणा नव्हे. ती शास्त्राचीच रीत आहे.

कुत्र्याला मानाची एक जागा जुन्या करारात आहे आणि ती आपल्या कॅथोलिक बायबलमध्येच सापडते. प्रॉटेस्टंट बंधू टोबीतचा ग्रंथ प्रमाण शास्त्रग्रंथांत धरत नाहीत. वृद्ध टोबीतची दृष्टी गेली आहे, घरात दारिद्र्य आले आहे. त्याचा मुलगा टोबिया दूर देशी पैसे आणण्यास निघतो. सोबतीला एक अनोळखी वाटाड्या आहे. तो वस्तुतः देवदूत राफाएल आहे, पण हे कोणालाच ठाऊक नाही. आणि त्या दोघांच्या मागोमाग घरचा कुत्रा निघतो. सबंध ग्रंथात त्याचा उल्लेख अवघा दोन वेळा येतो: एकदा निघताना, एकदा परतताना. तो काहीही करत नाही. माशाशी झुंजत नाही, भूत पळवीत नाही, औषध शोधत नाही. तो फक्त बरोबर चालतो. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात मात्र परतीच्या वेळी तो पुढे धावत जाऊन शेपटी हलवीत घरी आनंदाची वर्दी देतो. एका बाजूला देवदूत, दुसऱ्या बाजूला कुत्रा आणि मध्ये घाबरलेला तरुण, असे हे चित्र आहे. देवाने टोबियाला केवळ उपाय पाठविला नाही, सोबतही दिली. आपल्या प्रार्थनेत आपण बहुधा उपाय मागतो. आजार बरा व्हावा, मुलाला नोकरी लागावी, कोर्टातला खटला सुटावा. सोबत मागण्याचे आपल्याला सुचत नाही. ती मिळत असली तरी लक्षात येत नाही.

ही सोबत किती जुनी आहे! जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत कामगारांना सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. तिच्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याची हाडे होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या कुत्र्याच्या दातांवरून असे अनुमान काढण्यात आले की, ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू असून त्याला डिस्टेंपर नावाचा गंभीर रोग झाला होता. माणसाने जवळ घेऊन खाऊ-पिऊ घातल्याखेरीज ते इतके दिवस जगणे शक्य नव्हते. ते शिकारीच्या उपयोगाचे नव्हते, राखणीच्याही नव्हते. हिमयुगातील त्या अर्धपोटी माणसांनी एका निरुपयोगी, आजारी पिल्लाची शुश्रूषा केली आणि अखेर आपल्या माणसांबरोबर त्याला पुरले. ज्यांच्यापर्यंत मोशे पोहोचला नव्हता, संदेष्टे पोहोचले नव्हते, त्यांच्या हृदयातही निर्मात्याने काहीतरी लिहून ठेवले होते, असे आम्हांला वाटते.

जपानमधील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, कुत्रा व त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे द्रव्य वाढते. आई व तान्हे बाळ यांचे नाते घट्ट करणारे ते हेच. विज्ञानाने त्याचे मोजमाप केले एवढेच. ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला हे आधीपासून ठाऊक होते. परीक्षेत नापास होऊन आलेला मुलगा, नोकरी गमावलेला बाप, दारू पिऊन उशिरा आलेला आणि म्हणून घरच्यांनी बोलणे टाकलेला माणूस, या सर्वांसाठी त्याची शेपटी सारखीच हलते. आपण कोण आहोत याचा हिशेब तो मांडत नाही.

ईशज्ञानात ज्याला आपण ‘कृपा’ म्हणतो ती याहून अनंत पटींनी मोठी आहे. परंतु तिची पहिली खूण हीच आहे की ती कमवावी लागत नाही. शौल राजाचा नातू मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता. दावीद राजासमोर आणल्यावर तो स्वतःला मेलेला कुत्रा म्हणवतो, आणि दावीद त्याला कायमचे आपल्या पंगतीला बसवतो. कनानी स्त्रीच्या प्रसंगातही मेज आहे आणि कुत्रेही आहेत. मूळ ग्रीकमधील शब्द रस्त्यावरच्या कुत्र्यांचा नसून घरात वावरणाऱ्या लहान कुत्र्यांचा आहे. त्या माऊलीने तो अचूक पकडला. मेजाखाली पडलेला चुराही घरच्याच भाकरीचा असतो, हे तिने ओळखले आणि प्रभूने तिच्या श्रद्धेची वाखाणणी केली. महाराष्ट्राला संत नामदेवांची कथा ठाऊक आहेच: कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ते काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, त्याने कोरडी खाऊ नये म्हणून. आपल्या मातीतील ही कथा ऐकताना कोणाही ख्रिस्ती भाविकाचे मन भरून यावे.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘कुत्रा मला कधीच नाही म्हणत नाही, म्हणून त्याचे प्रेम माणसापेक्षा श्रेष्ठ’ असे पुष्कळदा ऐकू येते. देवाचे प्रेमही असेच असावे, आपण जसे आहोत तसे राहू द्यावे, कशाला हरकत घेऊ नये, अशी आपली सुप्त इच्छा असते. तुरिन शहरातील संत डॉन बॉस्को यांच्या आठवणी या बाबतीत वाचनीय आहेत. अनाथ व गरीब मुलांसाठी झटणाऱ्या या धर्मगुरूंवर १८५० च्या दशकात अनेकदा प्राणघातक हल्ले झाले आणि प्रत्येक वेळी कोठूनतरी एक धिप्पाड करड्या रंगाचा कुत्रा येऊन त्यांच्या पाठीशी उभा राहिला. ते त्याला ‘ग्रीजो’ म्हणत. एका संध्याकाळी डॉन बॉस्को बाहेर जाण्यास निघाले तर ग्रीजो दारातच आडवा पडला. ते पुढे सरकले की तो गुरगुरे. आई मार्गरीता म्हणाली की, माझे ऐकत नसशील तर निदान या कुत्र्याचे तरी ऐक. थोड्याच वेळात शेजारी धावत आला आणि बाहेर मारेकरी दबा धरून बसल्याचे त्याने सांगितले. तो कुत्रा कोणाचा, कोठला, हे कधीच कळले नाही; देऊ केलेले अन्नही त्याने घेतले नाही. सालेशियन शाळांत शिकलेल्या आमच्या वाचकांनी ही गोष्ट लहानपणी ऐकली असेल. दारात आडवे पडणारे प्रेमही प्रेमच असते. दहा आज्ञांतील ‘नको’ हे शब्द आपण जाच म्हणून ऐकतो, गुरगुर म्हणून ऐकतो; दाराबाहेर काय आहे ते आपल्याला दिसत नसते.

कॅटेकिझम या नावाने परिचित असलेल्या, १९९२ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात ख्रिस्तसभेने याविषयी समतोल शिकवण दिली आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे. त्यांच्यावर माया करणे योग्य आहे. पण जी प्रीती केवळ माणसाच्या वाट्याची आहे ती त्यांच्याकडे वळवणे योग्य नाही. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२२ मध्ये, मुलांची जागा कुत्री-मांजरे घेत आहेत, असे बोलून दाखवले तेव्हा बरीच टीका झाली. त्यांचा रोख प्राण्यांवर नव्हता. माणसाचे ओझे टाळण्यासाठी प्राण्याचा आडोसा घेण्यावर होता. आमच्या गावांतील चूक बहुधा उलट्या दिशेची आहे. पिल्लू हौसेने आणायचे आणि मोठे झाले, किंवा मादी निघाली, की पोत्यात घालून दूरच्या बाजारात सोडून यायचे. ती कुत्री मग रस्त्यावर वाढतात, चावतात आणि त्यांच्या नावाने आपणच ओरडतो. रेबीज झाल्यावर माणूस बहुधा वाचत नाही, हे सर्वांना माहीत आहे. तरीही पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घेणारी घरे किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता मुलांचा प्रश्न. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्राण्याचा जीव शरीराबरोबर संपतो. माणसाचा आत्मा तेवढा अमर. ख्रिस्तसभेने कुत्रे स्वर्गात जातात असे कधी जाहीर केलेले नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी तसे म्हटल्याची बातमी जगभर पसरली, पण ती खरी नव्हती आणि वृत्तपत्रांना दुरुस्ती छापावी लागली. मात्र संत पौल रोमकरांस पत्रात सांगतो की, सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत मुक्तीची वाट पाहत आहे. २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातही, अनंतकाळच्या जीवनात प्रत्येक प्राणिमात्राला रूपांतरित होऊन आपले स्थान असेल, अशी आशा व्यक्त केली आहे. म्हणून मुलांना आम्ही एवढेच सांगतो की, तुमच्या कुत्र्याला ज्याने घडवले तो त्याला विसरलेला नाही. पुढचे त्याच्या हाती सोपवा. लहान मुलांना हे पुरते. मोठ्यांना पुरत नाही, ते अधिक विचारतात.

प्रभू येशूच्या दृष्टांतांतही कुत्री एकदाच येतात, लूकच्या शुभवर्तमानात. श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर पडून आहे आणि कुत्री येऊन त्याचे फोड चाटतात. काही भाष्यकार यात लाजराची आणखी एक विटंबना पाहतात, काही सांत्वन. आम्हांला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण त्या दाराशी लाजराला स्पर्श करणारे दुसरे कोणीच नव्हते. पण हेही खरे की कुत्र्यांना दार उघडता येत नव्हते, भाकर वाढता येत नव्हती. ते काम आतल्या माणसाचे होते.

घर-आशीर्वादासाठी फिरताना आज कितीतरी घरांत एक म्हातारी आणि एक कुत्रा, एवढेच भेटतात. मुले मुंबईत, आखातात, कॅनडात. माऊली सांगते, “फादर, हा आहे म्हणून दिवसाला दोन शब्द तरी बोलते.” देवाने त्या घरात कुत्र्याच्या रूपाने सोबत पाठवली याबद्दल आम्ही त्याचे आभार मानतो, आणि त्याच वेळी शेजारच्या घरांकडेही पाहतो.

१६ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या दुसऱ्या दिवशी, संत रोक यांचा सण येतो. फ्रान्समधील माँपेलिए येथील हा तरुण यात्रेकरू इटलीत प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत फिरत होता. पिआचेन्झा येथे त्याला स्वतःलाच गाठ आली, तेव्हा इतरांना बाधा नको म्हणून तो रानात जाऊन पडला. परंपरा सांगते की, एक कुत्रा रोज तोंडात भाकर धरून त्याच्याकडे येई आणि त्याच्या जखमा चाटी. साथींच्या काळात, अगदी २०२० च्या महामारीतही, भाविकांनी या संताचा धावा केला. मूर्तीत तो मांडीवरील जखम दाखवीत उभा असतो आणि पायाशी भाकर घेतलेला कुत्रा असतो. ती भाकर गोथार्ड नावाच्या एका सरदाराच्या मेजावरची होती. आपला कुत्रा रोज भाकर उचलून जातो कोठे, हे पाहण्यासाठी तो एके दिवशी त्याच्या मागे रानात गेला. तेथे त्याला रोक दिसला. मग गोथार्डने त्याला बरे वाटेपर्यंत त्याची शुश्रूषा केली.