जड पाण्याची साक्ष

कॅनडातल्या सडबरीजवळची क्रेटन खाण निकेलची. पाळीवर निघालेल्या खाणकामगारांच्या पिंजऱ्यातूनच शास्त्रज्ञही दोन किलोमीटर खाली उतरत आणि पुढे बोगद्यातून दीडेक किलोमीटर चालत. मग बूट धुवायचे, अंगावरचे सगळे कपडे उतरवून अंघोळ करायची, स्वच्छ कपडे चढवायचे आणि तेव्हाच प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं.

मोजायचे होते सूर्याचे न्यूट्रिनो. बोटाच्या नखाएवढ्या जागेतून ते सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी आरपार जातात. अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत रे डेव्हिस यांनी ड्रायक्लीनिंगच्या द्रवाच्या भल्यामोठ्या टाकीत ते पकडले, पण जॉन बाकॉल यांच्या गणिताच्या जेमतेम एक तृतीयांश. सूर्याचं गणित चुकलं की टाकी? तीसेक वर्षं हा वाद चालला. आपल्या आकड्यावर एवढी वर्षं ठाम राहिलेल्या डेव्हिस यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. न्यूट्रिनो तीन जातींचे, त्यांच्या टाकीला मात्र फक्त इलेक्ट्रॉन जातीचे दिसत.

१९८४ साली हर्ब चेन यांनी जड पाणी सुचवलं. त्यातल्या ड्यूटेरियमच्या गाभ्यात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो धडकला तर त्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. पण गाभा नुसता फोडून न्यूट्रॉन मोकळा करणं तिन्ही जातींना जमतं. म्हणजे एकाच भांड्यात इलेक्ट्रॉन जातीची मोजणी वेगळी आणि सगळ्यांची एकत्र! अंघोळीचं कारणही हेच. धुळीतल्या युरेनियम-थोरियमचे गॅमा किरणही ड्यूटेरियम फोडतात, आणि तो न्यूट्रॉन कुणी मोकळा केला हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

१२ मीटर व्यासाच्या अ‍ॅक्रिलिकच्या गोलात १,००० टन जड पाणी, भोवती साधं पाणी आणि क्षीण निळसर चमक टिपणाऱ्या साडेनऊ हजार प्रकाशनलिका. सापडायचे दिवसाला जेमतेम दहा न्यूट्रिनो.

२००१ आणि २००२ च्या निकालांनी वाद मिटला. इलेक्ट्रॉन जातीचे न्यूट्रिनो एक तृतीयांशच होते, पण तिन्ही जातींची बेरीज बाकॉल यांच्या आकड्याशी जुळली. सूर्य पुरेपूर पाठवत होता. न्यूट्रिनो वाटेत जात बदलत होते, आणि त्यासाठी त्यांना वस्तुमान असायलाच हवं. प्रयोगाचे प्रमुख आर्थर मॅकडोनाल्ड यांना २०१५ चं नोबेल ताकाकी काजिता यांच्यासोबत मिळालं. चेन १९८७ सालीच गेले होते.

जड पाणी कॅनडाच्या अणुऊर्जा कंपनीकडून उसनं आणलेलं होतं. २००६ साली मोजणी थांबली आणि ते परत गेलं. आता त्याच गोलात दुसरा द्रव आहे, नवा प्रयोग आहे. अंघोळ मात्र अजूनही चुकत नाही.