पाय जड पडतात, चप्पल निसटते : वात की पाणी?

चालता चालता पायातली चप्पल मागे राहते आणि माणसाला पत्ताच नसतो. शर्टाची गुंडी लावताना बोटे ऐकत नाहीत. पंगतीत जेवायला बसलेला माणूस उठताना भिंत शोधतो. घरची मंडळी म्हणतात, वात आहे, वय झाले, तेल चोळा. काही घरांत तर 'घेऊन आला असेल' असा आळही त्या बिचाऱ्यावर येतो. बंधू-भगिनींनो, ही लक्षणे पायांची वाटतात, पण पुष्कळदा दुखणे पायात नसतेच. ते मानेत किंवा पाठीत असते.

आपल्या पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची माळ. तिच्या पोकळीतून करंगळीएवढा मज्जारज्जू खाली जातो. मेंदूचा हुकूम हातापायांना पोचवणारी हीच तार. मणके एकमेकांना धरून राहावेत म्हणून आतून-बाहेरून चिवट पट्टे असतात, त्यांना अस्थिबंध म्हणतात. हे पट्टे लवचिक असतात म्हणून आपण वाकतो, वळतो. काही माणसांत मात्र त्यांच्यात चुना साचत जातो, पट्ट्याचे हाड होते आणि ते आतल्या बाजूने वाढून मज्जारज्जूला दाबू लागते. हे वर्षानुवर्षे इतके सावकाश चालते की माणूस त्याची सवय करून घेतो.

जपानमध्ये मानेतील असा पट्टा हाडासारखा झालेले रुग्ण बरेच आढळले. 1960 साली तिथल्या एका डॉक्टरने शवविच्छेदनात तो दाखवून दिला, तेव्हापासून कित्येक वर्षे हा 'जपानी आजार' म्हणूनच ओळखला जाई. तो आपल्या देशातही होतो. त्याचे नेमके एक कारण सांगता येत नाही; आनुवंशिकतेचा वाटा असतो आणि मधुमेही व लठ्ठ माणसांत तो अधिक दिसतो.

पण आपल्याकडे याच दुखण्याचे एक कारण चांगले ठाऊक आहे, आणि ते हापशीतून येते. पाण्यातला फ्लोराईड. 1937 साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात डॉ. शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताठ झालेल्या कण्याची, पाय लुळे पडलेली माणसे तपासली आणि विहिरीच्या पाण्याशी त्याचा संबंध जोडला. तिथल्या शेतकऱ्यांना आधी आपल्या बैलांचे सांधे आखडलेले दिसले होते, असे सांगतात. तेलंगणातील नलगोंडा तर याच दुखण्यामुळे देशभर माहीत झाला. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांचे भूजलही असेच आहे. खडकातला फ्लोराईड पाण्यात उतरतो. बोअर जितका खोल, तितके पाणी खडकात जास्त मुरलेले. दुष्काळात खोल बोअर मारून आपण तहान भागवली, त्याची ही दुसरी बाजू.

या पाण्याला रंग नाही, वास नाही, चवही बहुधा गोडच लागते. गाळून उपयोग नाही. उकळून तर उलटे होते. पाणी आटते आणि फ्लोराईड तेवढाच राहतो. भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत.

गावात असे पाणी आहे का, हे आधी मुलांचे दात सांगतात. खडूसारखे पांढरे, पुढे पिवळे-तपकिरी होणारे आडवे पट्टे दिसतात, घासून जात नाहीत. मात्र दात तयार होत असताना ते पाणी पोटात गेले तरच हे डाग पडतात. म्हणून बाहेरगावाहून नांदायला आलेल्या सुनेचे दात स्वच्छ असले तरी वीस वर्षे तेच पाणी भरून, तेच पिऊन तिचा कणा ताठू शकतो. बाईच्या कंबरदुखीची घरात दखल कोण घेतो? ती स्वतःही घेत नाही.

घरच्या घरी तीन गोष्टी करून पाहा. हनुवटी छातीला लागते का? गुडघे न वाकवता पायाचा अंगठा धरता येतो का? दोन्ही हात डोक्यामागे नेता येतात का? जमत नसेल तर हाच आजार, असे समजू नका. मणक्याचा क्षय, सरकलेली चकती, संधिवात यांतही असे होते. पण पाय जड, हाताला मुंग्या, लघवी अडखळणे यांपैकी काही सोबत असेल तर थांबू नका. एक्स-रेत हाडे दाट झालेली दिसतात, पट्टे चुन्याने भरलेले दिसतात. मज्जारज्जू किती दबला ते एम.आर.आय. सांगतो.

साचलेला चुना विरघळवणारे औषध नाही. दाब वाढला असेल तर मणक्याची मागची कमान काढून किंवा उघडून मज्जारज्जूला जागा करून देतात. शस्त्रक्रिया मोठी असते, धोकाही असतो. पण चालता येत असताना आलेला रुग्ण आणि खाटेवर आणलेला रुग्ण यांच्या निकालात फार फरक पडतो. खर्चासाठी रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. आणि तोवर मानेला झटका देऊन घेऊ नका, ना हाडवैद्याकडे, ना केशकर्तनालयात. डोक्यावर पोते वाहणाऱ्यांनी तर मुळीच नको. आतली जागा आधीच अरुंद असते, साध्या पडण्यानेही हातपाय एकाएकी जातात.

पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. नमुना नेण्यासाठी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फ्लोराईड काढण्यासाठी तुरटी आणि चुना वापरणारी 'नलगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेनेच शोधली, पण प्रमाण चुकले तर काम होत नाही, म्हणून ती जाणकाराच्या हातूनच व्हावी. नदी-तलावाचे शुद्ध केलेले किंवा छतावर साठवलेले पावसाचे पाणी मिळत असेल तर उत्तम. काही गावांत दूषित हापशीला लाल रंग देतात. ते पाणी कपड्यांना, भांड्यांना चालते. पिण्यास आणि वरणभातास चालत नाही.