घरात अडकलेल्या मनाला काय हवं असतं?

देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० पासून सुरू झाली, तेव्हा ती २१ दिवसांची होती. मग तारीख ३ मेपर्यंत गेली, मग १७ मे, मग ३१ मे. त्या दिवसांची आठवण निघाली की लोक धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, बाल्कनीतला थाळीनाद आणि दूरदर्शनवरचं ‘रामायण’ यांबद्दल बोलतात. पण दोन खोल्यांत पाच-सहा माणसं दाटीवाटीने राहत होती, त्या घरांना जास्त छळलं ते या सरकत्या तारखेने. सुटका कधी, हे माहीत असलेला कैदी दिवस मोजू शकतो. इथे मोजायचं काय, हेच ठरत नव्हतं.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२० मध्येच, म्हणजे आपल्याकडे टाळेबंदी लागण्याच्या महिनाभर आधी, विलगीकरणाच्या मानसिक परिणामांवरच्या २४ अभ्यासांचा आढावा ‘लॅन्सेट’मध्ये मांडला होता. त्यात सार्स, इबोला अशा आधीच्या साथींचे अनुभव होते. बंदिवास किती दिवसांचा याला महत्त्व होतंच. पण अपुरी माहिती, संसर्गाची भीती, कंटाळा, पैशांची ओढाताण आणि शेजारपाजारच्यांच्या नजरा यांनीही माणसं खचत होती. ठरलेली मुदत वाढवली, अगदी थोडी जरी, तरी वैताग आणि निराशा वाढण्याची शक्यता असते, असा इशाराही त्यात होता.

टाळेबंदी संपून आता काही वर्षं झाली. घरात अडकलेली माणसं मात्र संपलेली नाहीत. खुब्याचं हाड मोडल्याने कॉटवर पडून असलेली आजी, डॉक्टरांनी ‘पूर्ण विश्रांती’ सांगितलेली गर्भवती, केमोथेरपीमुळे गर्दी टाळावी लागणारा रुग्ण आणि या सगळ्यांचं करता करता स्वतःही उंबरठ्याबाहेर न पडलेली सून किंवा मुलगी. यांच्यासाठी टाळेबंदी कुणी जाहीर करत नाही आणि उठवतही नाही. भेटायला येणारे ‘पॉझिटिव्ह राहा’ एवढं सांगून चहा पिऊन जातात. कसं राहायचं, ते बहुधा कुणी सांगत नाही.

पॉझिटिव्ह राहण्याआधी चिंता कुठून येते ते पाहायला हवं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये एक प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४५ स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ दिला होता. दगडाखाली साप आहे की नाही, हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजून ताण तपासला जात होता. झटका बसणारच, हे ठाऊक असताना ताण सर्वाधिक असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो सर्वाधिक होता झटक्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. म्हणजे मेंदूला वाईट बातमीपेक्षाही अधांतरी लटकणं अधिक जाचतं. धोका येईल की नाही हे ठरत नसलं, की शरीर पूर्वतयारी करूनच ठेवतं. हृदयाची धडधड वाढते, स्नायू ताठ होतात, झोप उडते. बाहेर पडून काही करता येत असेल, तर ही तयारी खर्ची पडते. चार भिंतींत ती तशीच साचून राहते.

याच विद्यापीठाने टाळेबंदीच्या काळात इंग्लंडमधल्या हजारो लोकांच्या मनःस्थितीची आठवड्यागणिक नोंद ठेवली होती. चिंता आणि नैराश्याची लक्षणं सर्वात जास्त होती ती टाळेबंदीच्या सुरुवातीला. नंतरच्या आठवड्यांत, बंधनं तशीच असतानाही, सरासरीने ती कमी होत गेली. बहुतेकांचं मन परिस्थितीशी जुळवून घेतं, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात ‘हे मला जमणारच नाही’ असं वाटतं, त्यावर लगेच विश्वास ठेवायचं कारण नाही. अर्थात सरासरीच्या आड काही माणसं लपतात. एकटी राहणारी, कमाई बुडालेली, आधीपासून मानसिक आजार असलेली माणसं तितक्या सहज सावरत नाहीत. २०२० या एका वर्षात साथीमुळे जगभरात चिंताविकाराच्या रुग्णांत सुमारे २५ टक्क्यांनी भर पडली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्येच पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.

अधांतरीपणा कमी करायला माणूस पहिल्यांदा काय करतो? बातम्या बघतो. आजारपणात असेल तर आजाराचं नाव मोबाइलवर टाकून पान पान वाचत सुटतो. इथेच गफलत होते. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ स्फोटाच्याच बातम्या आणि दृश्यं पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं आढळली, आणि ती प्रत्यक्ष घटनास्थळी किंवा जवळपास असलेल्यांपेक्षाही जास्त होती. आधीच घाबरलेली माणसं जास्त बातम्या बघतात, हेही त्यात असणार. पण दिवसभर चालू ठेवलेला टीव्ही कुणाला धीर देतो, असं काही यातून दिसत नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, ठरावीक वेळ, तेवढं पुरतं. झोपण्यापूर्वीचा तास मात्र कोरा ठेवावा. आजाराबद्दलचे प्रश्न कागदावर उतरवून पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावेत. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या काढ्यांच्या कृतींनाही हाच नियम लावायला हरकत नाही.

तरी काळजी येतेच. ‘विचारच करू नकोस’ हा घरोघरी मिळणारा सल्ला मात्र निरुपयोगी आहे, हे १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांच्या प्रयोगाने दाखवून दिलं. पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, असं सांगितल्यावर लोकांच्या मनात तेच अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. काळजीला दार बंद करण्याऐवजी तिची वेळ ठरवून द्यावी, हा उपाय अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासला होता. रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. एरवी काळजी मनात आली, की तिची नोंद करून ‘पाच वाजता बघू’ म्हणायचं. ऐकायला गमतीदार वाटतं, पण या पद्धतीने काळजी कमी झाल्याचं आढळलं. पाच वाजेपर्यंत निम्म्या नोंदी शिळ्या झालेल्या असतात, हा त्यातला व्यावहारिक फायदा. ही जागा म्हणजे झोपायची गादी नसावी, एवढं मात्र पाळावं.

उरलेल्या काळज्यांचं काय? त्यांच्याकडे जरा बारकाईने पाहिलं तर मराठीतलं एक अक्षर सारखं दिसतं: ‘च’. ‘मी महिन्याभरात चालायलाच हवं’, ‘मुलाने रोज फोन करायलाच पाहिजे’, ‘हे माझ्याच वाट्याला का?’ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमकं या हट्टावर बोट ठेवते. महाराष्ट्रात ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनीही तिच्याविषयी मराठीत भरपूर लिहिलं आहे. एलिस यांचं म्हणणं असं, की घटना आणि आपला त्रास यांच्यामध्ये आपली समजूत उभी असते. ‘महिन्याभरात चालता यावं अशी माझी फार इच्छा आहे, नाही आलं तर वाईट वाटेल, पण ते मी सोसू शकेन’ असं वाक्य केलं की दुःख उरतं. फक्त त्याची दहशत होत नाही. इथे खोटी आशा कुठेच नाही, आणि ‘सगळं छानच होईल’पेक्षा हे बरंच प्रामाणिक आहे. ‘छानच’मध्येही ‘च’ आहेच.

भावनेला नाव देणं हीदेखील छोटी पण उपयोगी गोष्ट. २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं, की चेहऱ्यावरची भावना शब्दांत ओळखताना भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाची सक्रियता कमी होते. मराठीकडे या कामासाठी शब्दांची कमतरता नाही. हुरहूर वेगळी, धास्ती वेगळी, घालमेल वेगळी, वैताग वेगळा. ‘टेन्शन आलंय’ या एका शब्दात सगळं कोंबण्याऐवजी ‘उद्याच्या रिपोर्टची धास्ती वाटतेय’ म्हटलं, तर ऐकणाऱ्यालाही काय बोलायचं ते कळतं.

मग उरतो दिवस. घरात अडकलेल्या माणसाचा दिवस लवकर पसरट होतो. आंघोळ दुपारी, जेवण कधीही, दुपारची झोप तीन तास, रात्री टक्क जाग. ‘बरं वाटलं की करीन’ असं वाटत राहतं. वर्तनावर आधारलेले उपचार हा क्रम उलटा करायला सांगतात. आधी करा, बरं वाटणं मागून येईल. सत्तरच्या दशकात पीटर लेविन्सन यांनी नैराश्याचा अभ्यास करताना मांडलं होतं, की आनंद देणाऱ्या छोट्या कृती बंद पडल्या की मन खचतं, आणि खचलं की कृती आणखी कमी होतात. हे चक्र तोडायला मोठं काही लागत नाही. ठरल्या वेळी उठणं, उठल्यावर अर्धा तास खिडकीशी किंवा गॅलरीत उजेडात बसणं (शरीरातलं झोपेचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं), आणि दिवसाला एक काम हाताला, एक जिभेला. हाताला म्हणजे शेंगा सोलणं, वाती वळणं, जुने फोटो लावणं. जिभेला म्हणजे कुणाशी तरी दहा मिनिटं बोलणं, तेही आजार सोडून. कॉटवर पडलेल्या आजीकडून भाजी निवडून घेतली तर ‘तिला कशाला त्रास’ म्हणणारे नातेवाईक असतात. तिच्या हातून काम काढून घेणं हाच खरा त्रास आहे, हे त्यांना समजावून सांगावं लागतं.

धडधड फारच वाढली तर श्वासाकडे वळावं. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून सोडणं लांबवायचं. पाच मिनिटं पुरे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबावं. छातीत दुखणं, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अचानक दम लागणं ही ‘टेन्शन’ समजून घरी काढायची लक्षणं नव्हेत. त्यासाठी लगेच रुग्णालय गाठायला हवं.

सेवा करणाऱ्या माणसाचा विचार बहुतेक घरांत सर्वात शेवटी होतो. रुग्णाला निदान भेटायला येतात, तिला कुणी विचारत नाही. आठवड्यातून दोनदा दोन तास दुसऱ्या कुणी रुग्णाजवळ बसायचं आणि तिने घराबाहेर पडायचं, हे भावंडांनी आपसांत तारखा टाकून ठरवलं तरच घडतं. ‘काही लागलं तर सांग’ या वाक्यातून ते घडत नाही. शेजारच्यांनी विचारायचंच असेल तर ‘मंगळवारी चार ते सहा मी बसते, तू जाऊन ये’ असं विचारावं.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा दारूचं प्रमाण वाढत चाललं असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नये. जगणं नकोसं झाल्याचे उद्गार कुणी काढले, तर त्याच दिवशी मदत मागावी आणि त्या माणसाला एकटं सोडू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन विनामूल्य असतो, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. ज्यांना घराबाहेर पडताच येत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरपर्यंत जायची ही पहिली पायरी घरातूनच चढता येते.