मर्यादेतील शर्यत

७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल चालविणे आणि ५ किलोमीटर धावणे. ही तीन कामे एकापाठोपाठ एक, मध्ये घड्याळ न थांबविता पूर्ण करावयाची, यास लघु ट्रायथलॉन म्हणतात. कपडे बदलण्यास, बूट घालण्यास लागणारा वेळही एकूण वेळेतच धरला जातो. हा खेळ फार जुना नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे पहिली ट्रायथलॉन झाली आणि २००० साली सिडनी येथे या खेळाला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. ऑलिंपिकमधील अंतर लघु स्पर्धेच्या बरोबर दुप्पट असते. त्याहून फार मोठी ती ‘आयर्नमॅन’ : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी वयाच्या पन्नासाव्या वर्षी झुरिक येथे ती पूर्ण केली, तेव्हापासून हे नाव आपल्या घराघरांत पोहोचले.

परंतु पेढी सांभाळून, व्रतनियम सांभाळून, चाळिशीनंतर ज्याला शरीराकडे पाहावयाचे आहे, त्याच्यासाठी लघु अंतरच योग्य आहे, असे मी अनुभवाने म्हणू शकतो. गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस कोल्हापूरच्या राजाराम तलावावर मी ही स्पर्धा पूर्ण केली. माझे वय ४६ आहे आणि सांगलीच्या गणपती पेठेत आमचा किराणा मालाचा घाऊक व्यापार आहे.

व्यापारी माणसाचे शरीर बसून झिजते. सकाळी दहा ते रात्री आठ गादीवर बैठक, शेजारी फोन, समोर चोपडी. तीन वर्षांपूर्वी रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.२ आली. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पायरी मानतात. वडिलांना अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली होती. डॉक्टर म्हणाले, “शेठ, औषध अजून नको. पण गादीवरून उठा.”

चालणे, सायकल यांस घरात कोणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती पाण्यास. आमच्या घरात आईला बाई म्हणतात. बाई एक्याऐंशी वर्षांच्या. गाळलेल्या पाण्याचा थेंबही वाया जाऊ न देणाऱ्या. पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव, हे आपल्याला बालपणीच शिकविले जाते. अप्कायाची विराधना टाळावी म्हणून आपल्या अनेक घरांत मुलांना पोहणे शिकविलेच जात नाही. मीही शिकलो नव्हतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गणपती पेठेत शिरले. आम्ही दुसऱ्या मजल्यावरून खालच्या गल्लीतील नावा पाहत होतो, आणि घरातील सहा माणसांपैकी एकालाही पोहता येत नव्हते. त्यानंतर मी पोहणे शिकलो, तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत. पण शिकणे वेगळे आणि स्पर्धेसाठी पाण्यात उतरणे वेगळे. त्या म्हणाल्या, “पूर आला तर पोह. शर्यतीसाठी कशाला?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या महासतीजींना मी ते विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, “पाण्यात उतरा, हा शब्द आमच्या तोंडून निघणार नाही. पाण्याचे जीव जीवच आहेत. तुम्ही गृहस्थ आहात. जे कराल ते जाणून करा, आवश्यक तेवढेच करा. आणि ज्या दिवशी पाण्यात उतराल, त्या दिवशी आलोचना करून एक सामायिक करा.”

ही परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती. तो हिशेब होता, आणि हिशेब आपल्याला कळतो. पोहण्याच्या प्रत्येक दिवसामागे ४८ मिनिटे स्थिर बसणे आले. त्यामुळे आठवड्यातून दोनच दिवस पोहायचे, ठरविलेले अंतर झाले की बाहेर यायचे, हौसेखातर एक फेरीही वाढवायची नाही, हे आपोआप ठरले. रोज सकाळी चौदा नियम धारण करण्याची आपली परंपरा आहे. त्यांत वाहन आहे, दिशा आहे, स्नान आहे, पायात काय घालावयाचे तेही आहे. ते नियम धारण करताना माझ्या ध्यानात आले की ट्रायथलॉनचा सगळा पसारा त्या यादीत बसतो. महागड्या सायकलींचा मोहही त्यातच आला. माझी सायकल जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली आहे आणि एकच आहे.

दुसरा प्रश्न आहाराचा होता. माझा चौविहार आणि नवकारसी दोन्ही नियमित आहेत. स्पर्धकांसाठी मिळणाऱ्या तयार पाकिटांपैकी काहींत मध किंवा जिलेटिन असते, म्हणून ती मी घेतलीच नाहीत. पण प्रश्न वेळेचा अधिक होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सूर्यास्त ५ वाजून ५८ मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी सूर्योदय ६ वाजून ४५ मिनिटांनी. त्यात ४८ मिनिटे मिळविली की ७ वाजून ३३ मिनिटे होतात. स्पर्धा सुटणार सातला. म्हणजे साडेतेरा तास अन्नपाण्याविना राहून अर्धी अधिक घाई त्याच अवस्थेत करावयाची.

येथे शरीरशास्त्र आपल्या बाजूचे आहे. स्नायूंमध्ये साठविलेली साखर साधारण दीड तासाच्या जोरकस श्रमाला पुरते, आणि रात्रीच्या झोपेत ती फारशी खर्च होत नाही. संध्याकाळी सहाच्या आत घेतलेली मुगाची खिचडी, फुलके आणि दूध सकाळी कामास येतात. हीच गोष्ट मोठ्या अंतराच्या स्पर्धेत शक्य नाही; तेथे वाटेत सतत खावे-प्यावे लागते. मी चार महिने याच वेळापत्रकाने सराव केला आणि डॉक्टरांना दाखवीत राहिलो. ज्यांना मधुमेह आहे, जे रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या घेतात, त्यांनी मात्र उपाशीपोटी असा प्रयोग मुळीच करू नये.

स्पर्धेच्या सकाळी तलावावर धुके होते. पाण्यात केशरी रंगाचे फुगे तरंगत होते, जीवरक्षक छोट्या नावांत बसले होते. घोट्याला वेळ मोजणारी पट्टी, डोक्याला रंगीत टोपी. शिट्टी झाली आणि शेकडो हातपाय एकदम पाण्यात पडले. तलावात तळाशी रेघ नसते. दर आठ-दहा हातांनंतर डोके वर काढून फुगा कोठे आहे ते पाहावे लागते. शेजाऱ्याच्या हाताने उडालेले पाणी तोंडात गेले. नवकारसी मोडली काय, ही शंका क्षणभर मनात आली. पण नवकारसीच्या पच्चक्खाणात दोन आगार आहेत, त्यांतील एक सहसाकार : अकस्मात, न घेता, तोंडात आलेले. ज्यांनी पावसाचा थेंब ध्यानी घेऊन ही सवलत ठेवली, त्यांना मनोमन वंदन करून मी पाणी थुंकून टाकले आणि पुढे निघालो.

२४ मिनिटांनी बाहेर आलो. पुढील पाच मिनिटे अंग पुसणे, मोजे, बूट, शिरस्त्राण. नियम असा की शिरस्त्राणाचा पट्टा बांधल्याशिवाय सायकलीस हात लावावयाचा नाही आणि ठरलेल्या रेषेपलीकडे गेल्याशिवाय तिच्यावर बसावयाचे नाही. घाईच्या क्षणीच यतना पाळली जाते की नाही हे कळते. नियम करणाऱ्यांनी तो शब्द ऐकला नसेल, पण अर्थ तोच आहे. सायकलीवर बसलो तेव्हा ७ वाजून २९ मिनिटे झाली होती. बाटलीत घरून आणलेले उकळून थंड केलेले पाणी होते. तोंडाला कोरड पडली होती आणि बाटली हाताच्या अंतरावर होती. ती चार मिनिटे त्या दिवसातील सर्वांत दीर्घ होती. ७ वाजून ३३ मिनिटे झाली, थोडे अधिक जाऊ दिले, तीन नवकार म्हटले आणि पहिला घोट घेतला. पाठोपाठ खडीसाखरेचा खडा.

सायकलीची ४७ मिनिटे सरळ गेली. खरी परीक्षा उतरल्यावर आली. गोल फिरण्याची सवय झालेले पाय जमिनीवर टेकले की लाकडाचे होतात. पहिला किलोमीटर ते आपले वाटतच नाहीत. सायकलीनंतर लगेच धावण्याचा सराव वारंवार करणे, हाच त्यावर उपाय. माझ्या शेजारून साठीच्या एक बाई संथपणे पुढे निघून गेल्या. त्यांच्या मागे जावे असे वाटले. पण मनाशी ठरविलेली गती सोडली नाही. तीन मिनिटे दुसऱ्या बदलास, ३३ मिनिटे धावण्यास. एकूण १ तास ५२ मिनिटे. माझ्या पुढे पुष्कळ जण होते.

दुपारी सांगलीस पोहोचल्यावर आलोचना केली आणि सामायिक घेतले. त्या ४८ मिनिटांत पोटऱ्यांतील कळा स्पष्ट जाणवत होत्या. बाईंनी पदक हातात घेतले नाही. त्यांनी फक्त विचारले, “पाणी किती वाजता घेतलेस?” मी वेळ सांगितली. “मग ठीक,” त्या म्हणाल्या आणि ताट वाढावयास उठल्या.

साखरेची सरासरी आता ५.८ आहे. धोका गेलेला नाही, पण उताराला लागला आहे. बरोबरीचे स्पर्धक विचारतात, पुढील वर्षी ऑलिंपिक अंतर ना? या खेळात प्रत्येक अंतरानंतर त्याच्या दुप्पट अंतर उभे असते, जसे व्यापारात एका दुकानानंतर दुसरे. वाढविणे वाईट नाही. पण पाण्यात दुप्पट वेळ राहावे लागेल, नवकारसी सांभाळणे कठीण होईल, सरावाचे तास पेढीतून आणि घरातून काढावे लागतील. कोठे थांबावयाचे हे आधी ठरवून निघणे, यालाच आपण परिमाण म्हणतो. म्हणून मी पुढील वर्षीही ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटरच करणार आहे.

आपल्या पेढ्यांवर बसलेल्या माझ्या वयाच्या बंधूंना, आणि घरात सर्वांची काळजी घेताना स्वतःची विसरणाऱ्या भगिनींना, एवढेच सांगणे आहे : वैद्यकीय तपासणी करून घ्या, पोहणे कोणाकडून तरी नीट शिका, आणि लहान अंतर निवडा. सूर्यास्तापूर्वी जेवणे, वेळेवर उठणे, मन आवरणे या गोष्टी इतर स्पर्धकांना प्रशिक्षक लावून शिकाव्या लागतात. आपल्याला त्या घरातच मिळालेल्या आहेत. त्यांच्या जोडीला फक्त पाय हलवावयाचे राहिले आहेत.