चेंडू, नाणी आणि तांदळाची पाकिटं

तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे म्हणजे भाताचा मुलूख. इथल्या एखाद्या बचत गटानं इंद्रायणी तांदूळ पाकिटांत भरून पुण्यात विकायचं ठरवलं, तर मोजणं, भरणं, सील करणं, लेबल लावणं अशी कामं दहा-बारा जणींत वाटली जातात. प्रत्येक जण राबते, तरी माल वेळेवर निघत नाही, आणि दोष कुणाचा तेही कळत नाही.

या अडचणीवर संगणकाच्या जगात ‘अजाईल’ नावाची पद्धत वापरतात. कामाचे छोटे तुकडे करायचे, एकेक तुकडा पूर्ण करून ग्राहकाला दाखवायचा, आणि त्यातून जे कळेल त्याप्रमाणे पुढची रीत बदलायची. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जणांनी तिचा जाहीरनामा लिहिला. ती शिकायला संगणक मात्र लागत नाही. दोन खेळ आणि एक सकाळ पुरते.

तयारी. लावणी आणि कापणीचे दिवस सोडून सकाळ ठरवा. शाळेची पडवी किंवा देवळाचा सभामंडप चालेल. १० ते १२ जण, २० चेंडू, २० नाणी, एक फळा आणि वेळ मोजायला मोबाइल एवढं जमवा.

पहिला खेळ : चेंडू. स्क्रम प्रशिक्षक बोरिस ग्लोगर यांच्या नावानं हा खेळ ओळखला जातो. (स्क्रम म्हणजे अजाईलचाच एक प्रकार, त्यात ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांत काम करतात.) नियम चार. चेंडू प्रत्येकाच्या हाताला लागलाच पाहिजे. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो क्षणभर तरी हवेत असला पाहिजे. लगतच्या शेजाऱ्याला तो द्यायचा नाही. आणि ज्यानं सुरुवात केली त्याच्याकडेच तो परत आला पाहिजे. परत आलेल्या प्रत्येक चेंडूला एक गुण.

आधी अंदाज. फेरी दोन मिनिटांची. सुरू होण्याआधी गटानं ‘आपण किती चेंडू फिरवू’ तो आकडा फळ्यावर लिहायचा, आणि फेरी संपल्यावर खरा आकडा त्याच्या शेजारी. पहिला अंदाज बहुधा चुकतो. चुकू द्या, पुढच्या फेऱ्यांत तो जवळ येत जातो.

मग एक मिनिट बोलणं. ‘कुठे अडलं?’ एवढाच प्रश्न विचारा आणि गटाला एकच बदल ठरवू द्या. अशा पाच फेऱ्या घ्या. या मिनिटातच शिकणं घडतं, आणि गडबडही इथेच होते. उत्साहाच्या भरात ते मिनिट गाळलं जातं. किंवा एकदम तीन बदल केले जातात, मग कशानं फरक पडला ते समजत नाही. किंवा खेळ घेणाराच ‘समोरासमोर दोन रांगा करा’ असं सुचवून टाकतो. आपण खेळ घेत असाल, तर गप्प राहणं हेच आपलं काम.

आणखी एक. दोन गट असतील तर त्यांची शर्यत लावू नका. शर्यत लागली की चुका लपवल्या जातात. गटाची तुलना त्याच्याच आधीच्या फेरीशी करा.

दुसरा खेळ : नाणी. चौघांना ओळीनं बसवा. पहिल्यानं २० नाणी डाव्या हातानं एकेक करून उलटायची, सगळी झाली की ढीग पुढच्याकडे सरकवायचा; चौथ्याकडून तो ग्राहकाकडे जाईल. दुसऱ्या फेरीत पाच-पाच नाणी सरकवा, तिसऱ्यात एकेक.

एका नाण्याला एक सेकंद धरून हिशेब मांडू. ढीग सरकवला तर ग्राहकाला ८० सेकंदांनी सगळी नाणी एकदम मिळतात. पाच-पाच सरकवली तर पहिली पाच २० सेकंदांत पोचतात आणि सगळी ३५ सेकंदांत. एकेक सरकवलं तर पहिलं नाणं चौथ्या सेकंदाला हाती येतं आणि काम २३ सेकंदांत संपतं. हात तेवढेच, मेहनतही तेवढीच.

इथे एक तक्रार हमखास येते : ‘मला तर मध्ये थांबावं लागलं.’ खरंच आहे. एकेकट्याचा वेग थोडा कमी होतो, तरी ग्राहकाला माल लवकर मिळतो. हे पटायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक फेरीच्या वेळा फळ्यावर शेजारी-शेजारी मांडा.

आता पाकिटं. खेळ संपल्यावर लगेच घरी जाऊ नका. खऱ्या तांदळाचं एकच पाकीट मोजण्यापासून लेबलपर्यंत पूर्ण करा आणि पुन्हा वजन करा. पाकीट ५० ग्रॅम कमी भरत असेल, तर ते पहिल्याच पाकिटाला कळतं. शंभर पाकिटं सील झाल्यावर कळलं, तर शंभर फोडावी लागतात.

फळ्यावर तीन रकाने. ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’. प्रत्येक कामाची चिठ्ठी रकान्यात चिकटवा. टोयोटा कारखान्यातल्या ‘कानबान’ पद्धतीत अशाच चिठ्ठ्यांवरून मागणीपुरतंच काम पुढे सरकवतात. ‘चालू’मध्ये एका वेळी तीनच चिठ्ठ्या राहू द्या. बहुतेक गट ही मर्यादा आठवड्यात विसरतात. भाताची रोपं उपटणारे लावणाऱ्यांच्या फार पुढे गेले, तर जुड्या बांधावर सुकतात; तसंच अर्धवट कामांचं होतं.

शेवटचं काम. दर आठवड्याला फळ्यासमोर दहा मिनिटं उभं राहून तोच प्रश्न विचारा : कुठे अडलं? एक बदल ठरवा, तो पाहणाऱ्या व्यक्तीचं नाव त्याच्यापुढे लिहा, आणि पुढच्या आठवड्यात पाकिटांचा आकडा वाढला की नाही ते तपासा. नसेल वाढला, तर बदल मागे घ्या आणि दुसरा करून बघा.