साठवलेल्या वाहनांतील पेट्रोलचा ऱ्हास : कारणे, परिणाम व उपाय

प्रस्तावना :
२५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेल्या टाळेबंदीत असंख्य वाहने व जनित्रे महिनोन्महिने एकाच जागी उभी राहिली. पुढे त्यांपैकी अनेक सुरू होईनात, तेव्हा दोष बहुधा बॅटरीस दिला गेला. तो पुष्कळदा खराही होता. परंतु टाकीतील पेट्रोलही कालांतराने निकृष्ट होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात या ऱ्हासाची कारणे, परिणाम व उपाय यांचा विचार केला आहे.

पेट्रोलचे स्वरूप :
पेट्रोल हा एकच एक पदार्थ नसून साधारणतः ४ ते १२ कार्बन अणू असलेल्या शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. त्यांचे उत्कलनबिंदू वेगवेगळे असल्याने सर्व घटक सारख्या गतीने बदलत नाहीत.

ऱ्हासाच्या प्रक्रिया :
१) बाष्पीभवन : ब्युटेन, पेंटेन यांसारखे हलके घटक प्रथम उडून जातात. थंड इंजिन सुरू होण्यास हेच घटक आवश्यक असतात. म्हणून जुने पेट्रोल ज्वलनशील असूनही इंजिन लवकर सुरू होत नाही.

२) ऑक्सिडीकरण : पेट्रोलमधील असंतृप्त हायड्रोकार्बनांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पेरॉक्साइडे व त्यांपासून डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. उष्णता व तांब्यासारखे धातू या क्रियेस गती देतात. तिला विलंब व्हावा म्हणून शुद्धीकरण कारखान्यातच ऑक्सिडीकरणरोधक मिसळले जातात. मात्र तेही हळूहळू खर्ची पडतात.

३) पाण्याचे शोषण : २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे इथेनॉलमिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प झाले. २००३ मध्ये महाराष्ट्र व गोव्यासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल बाजारात येऊ लागले. इथेनॉल आर्द्रताग्राही आहे. १० टक्के मिश्रण १५ अंश सेल्सिअस तापमानास सुमारे अर्धा टक्का पाणी, म्हणजे १० लिटरमध्ये सुमारे ५० मिलिलिटर, सामावून घेते. मर्यादा ओलांडताच इथेनॉल व पाणी यांचा थर तळाशी बसतो आणि इंजिनाकडे प्रथम तोच जातो. वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंकही घटतो. इथेनॉलचे प्रमाण वाढले की ही मर्यादाही वाढते. त्यामुळे केवळ दमट हवेने थर वेगळे होणे विरळाच. सैल झाकणातून शिरणारे पावसाचे पाणी हा अधिक मोठा धोका होय.

इंजिनावरील परिणाम :
कार्ब्युरेटरच्या वाटीतील थोडेसे पेट्रोल लवकर आटते आणि मागे राहिलेल्या डिंकाने जेटची बारीक छिद्रे बुजतात. इंधन अंतःक्षेपण असलेल्या वाहनांत प्रणाली बव्हंशी बंद असल्याने हा दोष उशिरा उद्भवतो. पाणीमिश्रित इथेनॉलाने धातूचे भाग गंजतात, तर जुन्या घडणीचे रबरी भाग फुगतात.

टिकण्याची मुदत :
सर्वांस लागू पडेल असा एकच आकडा सांगता येत नाही. सावलीत, घट्ट बंद डब्यात पेट्रोल सुमारे वर्षभर टिकते. डबा उघडल्यावर २० अंश तापमानास सहा महिने व ३० अंशांस तीन महिने, तर यंत्राच्या टाकीत एक महिना, असे स्थूल मार्गदर्शन इंधन कंपन्यांकडून केले गेले आहे. महिना उलटताच पेट्रोल निरुपयोगी होते, असा मात्र याचा अर्थ नाही.

उपाययोजना :
दीर्घकाळ वाहन उभे ठेवताना ताजे पेट्रोल घ्यावे व प्रसरणापुरती जागा सोडून टाकी भरावी. त्यामुळे आत हवा कमी राहते. कार्ब्युरेटर असल्यास पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे. स्थिरीकारक द्रव्य ताज्या पेट्रोलमध्येच मिसळावे. बिघडलेले पेट्रोल त्याने सुधारत नाही. थोडे जुने पेट्रोल ताज्यात मिसळून वापरता येते. परंतु रंग गडद झाला, वास आंबूस येऊ लागला किंवा तळाशी वेगळा थर दिसला तर इंजिन सुरू न करता टाकी रिकामी करवून घ्यावी. असे पेट्रोल गटारात ओतणे स्फोटास निमंत्रण ठरते. ते जाणकार कारागिराकरवी योग्य विल्हेवाटीस द्यावे.

निष्कर्ष :
पेट्रोलचा ऱ्हास ही एकच क्रिया नसून बाष्पीभवन, ऑक्सिडीकरण व जलशोषण या तीन स्वतंत्र क्रियांचा तो परिणाम आहे. प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडणे जसे अशास्त्रीय, तसेच त्याचा आर्द्रताग्राही गुणधर्म दुर्लक्षिणेही अयोग्य ठरेल. कारण नेमके ओळखले तर दुरुस्तीचा खर्च व अपघाताचा धोका दोन्ही टळू शकतात.